बेलारूसी स्वायत्त प्रदेश: ओर्ला की जुने मिन्स्क?

बेलारूसी भाषकांचे बहुमत असलेला एक स्वायत्त प्रदेश कल्पनेत उभारायचा, तर इतिहासात त्यासाठी दोन नमुने सापडतात.

पहिला १९२० च्या दशकातला सोव्हिएत बेलारूस. तिथे बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) या चारही भाषांना अधिकृत दर्जा होता. राजचिन्हावरची घोषणासुद्धा चारही भाषांत. शाळा, कचेऱ्या, विज्ञान सगळीकडे बेलारूसी आणायचा सरकारी कार्यक्रम होता. एवढी झेप त्या भाषेने आधी कधी घेतली नव्हती. पण सूत्रे मॉस्कोच्या हाती. १९३३ मध्ये शुद्धलेखन रशियनच्या जवळ ओढले गेले आणि १९३७ च्या २९ ऑक्टोबरच्या रात्री राजधानी मिन्स्कमध्ये शंभरहून अधिक लेखक, विद्वान, अधिकारी गोळ्या घालून मारले गेले. जे वरून मिळाले, ते वरूनच हिरावले गेले.

दुसरा नमुना लहान आहे: पूर्व पोलंडमधला ओर्ला, हायनुव्का हा पट्टा. २००५ च्या कायद्यानुसार अल्पसंख्याक किमान २० टक्के असतील त्या ग्रामपालिकेत त्यांची भाषा सहायक भाषा होऊ शकते. ओर्लात गावांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, हायनुव्कात बेलारूसी शिकवणारे विद्यालय आहे, आणि ‘निवा’ साप्ताहिक १९५६ पासून निघते. सत्ता मात्र नावापुरतीच, आणि तरुण शहरांकडे चालले आहेत.

मी ओर्लाचा पाया घेईन आणि त्यावर मिन्स्कची चार भाषांची उदारता चढवीन. फक्त शाळा आणि करवसुली स्थानिक सभेच्या हाती हवी.