फिक्स्ड, व्हेरिएबल की जुनीच कंपनी बरी? वीज प्लॅन बदलण्याआधी हे बघून घ्या

बिलं वाढतायत आणि जिथे जिथे वीजविक्री खुली झालीय तिथे रोज कुणीतरी फोन करून सांगतं की आमच्याकडे या, बिल कमी करून देतो. हो म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या की डीरेग्युलेशन झालं, म्हणजे वीज विकायला इतर कंपन्यांनाही परवानगी मिळाली, तरी तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर त्याच जुन्या कंपनीकडे राहतात आणि तिचा वहन आकार, म्हणजे घरापर्यंत वीज पोचवण्याचे पैसे, तुम्ही वीज कुणाकडूनही घ्या, भरावाच लागतो. बदलतो फक्त विजेचा दर. त्यामुळे कुणी "२० टक्के स्वस्त" म्हणालं की पहिला प्रश्न हाच, अख्ख्या बिलावर की नुसत्या विजेच्या भागावर?

जुन्या कंपनीकडेच राहिलात तर दर बहुतेक ठिकाणी नियामक आयोग मंजूर करतो, सहसा कॉन्ट्रॅक्ट नाही, सोडताना दंड नाही. लोकांना वाटतं की काहीच न करणारा माणूस नेहमी जास्त पैसे भरतो, पण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी) ऑफिसने २०१८ मध्ये हिशोब मांडला तेव्हा निघालं उलटंच, खासगी विक्रेत्यांकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांनी मिळून दोन वर्षांत १७ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम जादा भरली होती. म्हणून सांगतेय, न बदलणं हाही एक खराखुरा पर्याय आहे, आळस नाही.

फिक्स्डमध्ये ठरलेल्या मुदतीसाठी युनिटचा दर बांधलेला असतो. व्हेरिएबलमध्ये तो कंपनी अधूनमधून बदलू शकते. फिक्स्ड सुरुवातीला व्हेरिएबलपेक्षा थोडा महाग वाटू शकतो, कारण दर भडकण्याची जोखीम कंपनी स्वतःच्या अंगावर घेते आणि त्याचे पैसे लावते. माझ्या मते ज्यांचं महिन्याचं बजेट घट्ट आहे त्यांनी हे जास्तीचे पैसे द्यावेत. फक्त कंपनी कोण आहे ते बघा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून गॅस आणि त्यासोबत वीजही महागली आणि दोन डझनाहून जास्त पुरवठादार कंपन्या बंद पडल्या, त्यांच्या ग्राहकांची वीज गेली नाही, दुसऱ्या कंपनीने त्यांना घेतलं, पण स्वस्तातला फिक्स्ड दर गेला तो गेलाच.

व्हेरिएबलबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही. पहिले काही महिने दर गोड असतो, मग कंपनीच्या मनावर. दोन-तीन महिन्यांत घर सोडणार असाल आणि दंड नको असेल तर ठीक, नाहीतर नको.

घाऊक बाजाराच्या, म्हणजे कंपन्या स्वतः जिथून वीज विकत घेतात तिथल्या, दराला थेट जोडलेला प्लॅन मात्र वेगळंच प्रकरण आहे. टेक्सासमध्ये ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला ९.९९ डॉलर फी घेऊन घाऊक दरातच वीज द्यायची, आणि एरवी ती खरंच स्वस्त पडायची. मग फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ आलं, घाऊक दर युनिटला ९ डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकला आणि तिथेच काही दिवस राहिला, लोकांना हजारो डॉलरची बिलं आली. बाहेर बर्फ असताना हीटर बंद कसा ठेवणार? कंपनीचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी टेक्सासने घरगुती ग्राहकांसाठी असे प्लॅन कायद्याने बंद केले. जिथे अजून मिळतात तिथे, घरात बॅटरी असेल किंवा वापर महाग तासांतून खरंच हलवता येत असेल, आणि एखादा भयंकर महिना झेपत असेल, तरच विचार करा.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. टेक्सासमध्ये प्रत्येक प्लॅनसोबत एक माहितीपत्रक द्यावंच लागतं, त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिट वापराला सरासरी दर किती पडतो ते छापलेलं असतं. काही कंपन्या १,००० युनिट पूर्ण झाले की बिलात मोठी सूट देतात, त्यामुळे नेमका १,००० चा आकडा मस्त दिसतो आणि तुलना करणाऱ्या साइटवर तो प्लॅन वर येतो. समजा सूट १०० डॉलर आहे आणि तुमचे ९९० युनिट झाले, तर सूट शून्य, म्हणजे वीज कमी वापरल्याबद्दल बिल जास्त! लहान घर, एकटं राहणारं माणूस, काटकसरीने वापरणारं कुटुंब, यांनाच याचा फटका बसतो आणि मला हे अतिशय अन्यायाचं वाटतं. म्हणून जाहिरातीतला दर बाजूला ठेवा, आपली मागची बारा बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याच्या युनिटला त्या प्लॅनचा स्थिर आकार, दर, सूट सगळं लावून वर्षाची बेरीज करा. अर्धा तास लागेल, पण कुठला प्लॅन तुमचा नाही ते लगेच कळतं.

फिक्स्ड घेतलात तर मुदत संपायची तारीख आणि मध्येच सोडायचा दंड कॉन्ट्रॅक्टमधून शोधून ठेवा आणि तारखेच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर आजच लावा, कारण मुदत संपल्यावर तुम्ही काहीच केलं नाहीत तर बऱ्याच कंपन्या आपोआप व्हेरिएबलवर टाकतात.