काड्यांची कोळसा भट्टी घेताय? शेणाचं सोडून बोला

खरड छाटणी झाली की आमच्या तासगाव भागात बांधाला द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात अन् निम्मे लोक तिथंच पेटवून मोकळे. म्हणून सांगलीतल्या एका फॅब्रिकेटरकडनं ही ड्रमची भट्टी घेतली. आत एक ड्रम, बाहेर एक, मधल्या जागेत जाळ. आतल्याचं झाकण गच्च, हवाच नाही, त्यामुळं काड्या जळत नाहीत नुसत्या भाजतात, ४००-५०० डिग्रीपर्यंत जाताना त्यातनं गॅस सुटतो अन् तळाच्या भोकातनं जाळात येऊन स्वतःच पेटतो, एकदा ते चालू झालं की वरनं जळण जवळजवळ घालावंच लागत नाही. सुरवातीचा पांढरा धूर म्हणजे वाफ, घाबरायचं नाही. भोकातला जाळ विझला की माल तयार, मग सगळी भोकं चिखलानं लिंपून रात्रभर तशीच ठेवायची, गरम असताना उघडली तर सगळ्याची राख.

कोळसा मात्र एक नंबर! काडीवरचे डोळेसुद्धा तसेच दिसतात अन् मोडली की काचेगत वाजते. वजनात चौथाई हिस्सा हाताला लागतो.

आता तक्रार. विकताना सांगितलं, शेण घाला, काय पण घाला, चालतंय. अहो ताज्या शेणात ८० टक्के पाणी, त्याची वाफ करण्यातच जळण संपतं, अन् वाळवून घातलं तरी राखच जास्त. शेणाला गोबरगॅसच बरा. फार तर कोळशाच्या चुऱ्यात थोडं मिसळून जळणाच्या कांड्या वळायला घ्या. उसाचं पाचट चालतं पण ड्रमभर कोंबलं तरी वजन किरकोळ अन् निघतो नुसता चुरा, त्याच्या कांड्या पाडाव्या लागतात. फलटणला आरती या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेनं पाचटाच्या कोळशावर चांगलं काम केलंय, २००२ ला स्वच्छ ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार पण मिळाला. तरी माझं मत, पाचट सरीतच कुजवा, जमिनीला तेच पाहिजे.

दुसरं म्हणजे पत्रा पातळ. एका सीझनमध्ये आतल्या ड्रमचा तळ वाकला, झाकणाला डांबरासारखा चिकटा बसतो तो वेगळाच, अन् फोन केला की "बघू, माणूस पाठवतो". घेणार असाल तर तळ जाड पत्र्याचा करून मागा, पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि हा कोळसा बंद खोलीत पेटवू नका, धूर दिसत नसला तरी विषारी गॅस असतोच.

पाचपैकी तीन स्टार. तळ बदलून दिला तर चार करीन.