फॉरेक्स कार्ड: सिंगापूरच्या रस्त्यावर उत्तम, क्रूझच्या काउंटरवर नको

अडकलेल्या डॉलरांतली शेवटची रक्कम आत्ता कुठे कार्डावर परत दिसली, म्हणून सविस्तर लिहितो. कार्ड एका खासगी बँकेचं, नेहमीचं प्रीपेड मल्टिकरन्सी, म्हणजे आधी रुपये देऊन त्यावर वेगवेगळी परदेशी चलनं भरून ठेवायची. फी किती, लोड कसं करायचं, मर्यादा काय, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. कुठेच न सापडणारी गोष्ट एकच: मोठ्या क्रूझवर चढण्याच्या दिवशी हे कार्ड काय करतं. सांगली-मिरजेतले ट्रॅव्हल एजंट सिंगापूर-क्रूझ पॅकेज विकताना जोडप्यांना बिनदिक्कत हेच कार्ड घ्यायला सांगतात. पहिल्या दिवशीच्या काउंटरबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आधी चांगलं. सिंगापूरमध्ये जमिनीवर कार्डाने कुठेही दगा दिला नाही. मेट्रोच्या गेटला कार्ड टेकवलं की फाटक उघडतं, तिकीट काढायची गरज नाही. परदेशी कार्डाला वापराच्या दिवशी ६० सेंट जादा लागतात, तेवढं चालण्यासारखं आहे. मात्र एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत, त्यामुळे नवरा-बायकोला दोन स्वतंत्र कार्डं लागतात. ती निघण्याआधीच काढून ठेवा. हॉकर सेंटरच्या, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या बाजारातल्या, बऱ्याच गाळ्यांवर रोख लागते, तिथे दोन, पाच, दहाच्या नोटा जवळ हव्यात. दुकानं, टॅक्सी, हॉटेल सगळीकडे कार्ड पहिल्या फटक्यात चाललं आणि मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी, खरोखरच लागला नाही.

आता जहाज. जहाजावर खरेदीला रोख चालत नाही, यूपीआय तर नाहीच. कॉफीपासून फोटोपर्यंत सगळा खर्च केबिनच्या कार्डावर लिहिला जातो आणि ते खातं बँकेच्या एखाद्या कार्डाला जोडावं लागतं. जोडल्याबरोबर जहाज तुमच्या बँकेकडून ठरावीक रक्कम राखून घेतं. हा होल्ड. पैसे कापलेले नसतात, पण वापरताही येत नाहीत. खर्च त्या रकमेच्या पुढे गेला की नवा होल्ड लागतो. शेवटच्या रात्री हिशेब होतो तेव्हा एकूण बिल कित्येकदा स्वतंत्र व्यवहार म्हणून कापलं जातं आणि जुने होल्ड तसेच लटकत राहतात.

आकड्यांत बघा. समजा दोघांचं खातं एकत्र आहे, पहिल्या दिवशी २०० डॉलरचा होल्ड लागला. जहाज रोज खात्यावर लावतं ती टिप माणशी १८ डॉलर धरली तर दोघांचे ३६, चार रात्रींचे १४४. वर वायफाय, एकदा वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण, एखादा फोटो असं धरून बिल ३५० वर गेलं. म्हणजे मध्येच आणखी १५० राखले गेले. शेवटी ३५० वेगळे कापायला आले, तर त्या क्षणी कार्डावर एकूण ७०० डॉलर असायला हवेत. ५०० लोड केलेलं कार्ड इथे नाकारलं जातं. खर्च झालाय ३५०, कार्डावर भरलेत ५००, आणि उतरायच्या आदल्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या, म्हणजे जहाजाच्या मदत काउंटरच्या, रांगेत उभं राहून ‘कार्ड डिक्लाइन्ड’ ऐकायचं. क्रेडिट कार्डावर हाच होल्ड फक्त लिमिट अडवतो. प्रीपेड आणि डेबिट कार्डावर तुमचे स्वतःचे, आधीच रुपये देऊन घेतलेले डॉलर अडकतात.

दुसरी खोच चलनाची. बंदर सिंगापूरचं म्हणून लोक सिंगापूर डॉलर भरतात, पण तिथून सुटणाऱ्या कितीतरी जहाजांवर बिल अमेरिकन डॉलरमध्ये होतं. कार्डावर सिंगापूर डॉलर आणि बिल अमेरिकन डॉलरचं, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचा क्रॉस करन्सी चार्ज लागला. मार्कअप वाचवायला घेतलेल्या कार्डावर मागच्या दाराने मार्कअप. बुकिंगच्या कागदावर ‘ऑनबोर्ड करन्सी’ काय लिहिलंय ते बघूनच लोड करा.

परत आल्याआल्या लिहिलं असतं तर या कार्डाला एक तारा दिला असता. आता तीन देतो, कारण दोष वाटला गेला आहे. होल्ड लावतं जहाज, धरून ठेवते बँक. कार्ड बिचारं दोघांच्या मधलं प्लास्टिक आहे. पण जे दोन तारे कापले ते बँकेच्या वागण्याचे. कस्टमर केअर म्हणतं, मर्चंटने, म्हणजे जहाज कंपनीने, रिव्हर्स करायला हवं. जहाज कंपनी म्हणते, आमच्याकडून सुटलंय, तुमच्या बँकेला विचारा. सांगलीतल्या शाखेत फॉरेक्सचं काम होत नाही, अर्ज घेऊन ‘वर पाठवतो’ एवढंच उत्तर. ॲपमध्ये त्या ओळी ‘पेंडिंग’ म्हणून रोज दिसत राहतात आणि होल्ड सुटायची तारीख कुठेही लिहिलेली नसते. स्वतःचे पैसे कधी मिळणार हे ग्राहकाला सांगता न येणं ही छोटी उणीव नाही.

शेवटी उपयोग झाला तो कागदाचा. उतरायच्या आदल्या रात्री काउंटरवरून पूर्ण बिल छापून घ्या, त्याला फोलिओ म्हणतात. नुसता ॲपमधला स्क्रीनशॉट पुरत नाही. बँकेकडून प्रत्येक होल्डचा ऑथरायझेशन कोड, तारीख आणि रक्कम लेखी मागा. मग एकाच ईमेलमध्ये दोन्ही जोडून लिहा: एवढं बिल झालं, एवढं कापलं गेलं, या या कोडचे होल्ड आता निराधार आहेत, ते सोडा. तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. फोनवरची आश्वासनं कितीही गोड असली तरी तिथे मोजली जात नाहीत, लेखी तक्रार लागते.

मग जहाजावर काय जोडायचं? क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. ३५० डॉलरच्या बिलावर साडेचौदा डॉलरच्या आसपास. एवढे पैसे जातात, पण होल्डचा ताप नाही. ज्यांना तेही वाचवायचे आहेत त्यांनी गेस्ट सर्व्हिसेसला रोख अनामत ठेवावी. बऱ्याच जहाजांवर ही सोय असते, उरलेली रक्कम शेवटी रोखीने परत मिळते. त्यासाठी जहाजाच्या चलनातल्या नोटा इथूनच न्याव्या लागतात. सिंगापूरला जाताना माणशी ३००० अमेरिकन डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, लागतात त्याच्या कितीतरी कमी. अनामत संपली की खातं बंद पडतं, मग पुन्हा रांग, म्हणून थोडी जास्तच भरावी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टिप बुकिंगच्या वेळीच रुपयांत भरून टाकणं. मग खात्यावर फार काही चढतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, बुफेतल्या मशीनवर पाणी फुकट असतं. घरची स्टीलची बाटली सोबत ठेवा.

हे सगळं ठरवायचं ते पहिल्याच दुपारी, कारण चार हजारांवर माणसं त्याच दिवशी चढत असतात आणि संध्याकाळनंतर काउंटरपाशी उभं राहवत नाही. त्या दिवसाचा क्रम असा. टॅक्सीवाल्याला टर्मिनलचं पूर्ण नाव सांगा. मरिना बे क्रूझ सेंटर वेगळं आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर वेगळं, मोठी जहाजं बहुतेक मरिना बेला लागतात. मेट्रोने गेलात तर मरिना साउथ पियर स्टेशन. मोठी बॅग दारातच हमालाकडे द्यायची असते, म्हणून तिचे टॅग घरीच छापून, घडी घालून, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून हँडलला स्टेपल करून न्या. दमट हवेत नुसता कागद फाटतो. ती बॅग केबिनच्या दाराशी थेट संध्याकाळी येते. तोपर्यंत लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पासपोर्ट, गोळ्या, चार्जर, एक जोडी कपडे, हातातल्या बॅगेत हव्यात. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघा. जहाज मलेशिया-थायलंडला जाऊन परत येतं म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता.

इस्त्री, किटली, स्पाइक गार्ड तपासणीत काढून घेतात. स्पाइक गार्डचं कारण खरं आहे: जहाजाची वायरिंग घरासारखी अर्थिंगला जोडलेली नसते, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर तापून आग लागू शकते. केबिनमध्ये सहसा युरोपियन दोन गोल पिनांचा एक सॉकेट असतो, त्यात आपला मोबाइल चार्जर सरळ बसतो. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. भिंती बहुधा पोलादी असतात, चुंबकाचे हुक नेले तर ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं टांगता येतं. सीलबंद भडंगाचं पाकीट सहसा चालतं, घरी केलेला डबा नाही. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवायचं, चढल्यावर सांगून उपयोग नसतो.

सुरक्षा कवायत टाळू नका. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघून आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागी, कार्ड स्कॅन केलं की काम होतं, दहा मिनिटं पुरतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा, तेवढा दोघांच्याही लक्षात हवा. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर धडकलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्या अपघातात ३२ माणसं गेली. सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घ्यायचा नियम त्यानंतर आला.

आणि पुन्हा पैशांकडे. जहाज सुटण्याआधी, सिंगापूरचं नेटवर्क असेपर्यंत, बँकेचं ॲप उघडून किती होल्ड लागलाय ते बघून घ्या. नंतर फोन फ्लाइट मोडवरच ठेवायचा. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते नसतं, बिल भलतंच येतं. जहाजाचं स्वतःचं ॲप फ्लाइट मोडमध्येही जहाजाच्या वायफायवर बहुधा फुकट चालतं, त्यात खात्याचा रोजचा खर्च दिसतो. बँकेचे एसएमएस आणि ओटीपी मात्र समुद्रात येणार नाहीत. म्हणून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेवा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन डेबिट-क्रेडिट कार्डांवर ते बंदच असतात. जहाजाच्या ॲपमध्ये कार्ड जोडायचं कामही सांगलीतून निघण्याआधी, घरी बसून उरका. ओटीपी आला तर तो तिथेच येईल.

हे कार्ड आम्ही ठेवलंय आणि पुढच्या प्रवासात मेट्रो, दुकानं, हॉटेल यांना तेच वापरणार. जहाजाच्या खात्याला ते जोडणार नाही. तुमच्या कार्डावर परत आल्यावर डॉलर उरले असतील आणि ते मोडून कार्ड बंद करायचा विचार असेल, तर पेंडिंगच्या ओळी पूर्ण जाईपर्यंत थांबा. कार्ड बंद केल्यावर सुटलेल्या होल्डचे पैसे शोधायला बँकेकडे पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो.