'संपूर्ण' प्लॅन, मेंब्रेन सोडून

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनची वॉरंटी संपत आली की देखभालीचा प्लॅन विकायला फोन येतो. बोलणाऱ्याला तुमचं नाव, मशीनचं मॉडेल, खरेदीची तारीख, सगळं ठाऊक असतं. त्यामुळे 'कंपनीतून बोलतोय' म्हटल्यावर कुणी शंका घेत नाही. नाशिकला माझ्या मावशीला असाच फोन आला. ती निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. अशा बायका जास्त चौकशी करत नाहीत असा विकणाऱ्यांचा समज असावा. मावशीने चौकशी केली. मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा मुख्य पडदा, धरून का? हो मॅडम. पंप? पंपसुद्धा. म्हणजे तीन वर्षं वरून काही द्यायचं नाही ना? "एक रुपया नाही मॅडम, संपूर्ण प्लॅन आहे." हे सगळं तिने फोन चालू असतानाच कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिलं, बोलणाऱ्याच्या नावासकट. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, असली बोलणी, तिच्याकडे सगळं कॅलेंडरवरच असतं. मग तिने यूपीआयने ७,४९९ रुपये पाठवले.

पैसे पोहोचल्यावर व्हॉट्सॲपवर पावती आली आणि पावतीमागून अटींची पीडीएफ. आधी पैसे, मग अटी, हा क्रम मुद्दामच ठेवलेला असतो. पीडीएफ इंग्रजीत आणि अक्षरं मुंगीएवढी. मथळ्यात 'संपूर्ण'. आत मजुरी फुकट, वर्षातून दोनदा सर्व्हिस, सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर वर्षातून एकदा. मेंब्रेन, पंप, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग), यूव्हीचा दिवा या 'झिजणाऱ्या वस्तू' म्हणून वगळलेल्या. आरओत महाग तेवढंच असतं, आणि बिघडतंही तेवढंच. ते वगळल्यावर उरतात नळ्या, तोटी आणि प्लास्टिकचं खोकं.

पुढच्या सर्व्हिसला टेक्निशियन आला, तो दोन ग्लास आणि वायर लावलेलं एक छोटं यंत्र घेऊन. हा प्रयोग तुमच्याही ओट्यावर कुणीतरी केला असेल. ग्लासात धातूच्या कांड्या बुडवतात, बटण दाबतात, आणि मिनिटाभरात पाणी तपकिरी, गढूळ होतं. "बघा मॅडम, हे पोटात जातंय." पोटात त्यातलं काहीच जात नसतं. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. क्षार जवळजवळ नसले तर वीज वाहत नाही, म्हणून चांगल्या आरओचं पाणी तसंच राहतं. म्हणजे दिसते ती घाण त्या कांडीचीच. पिण्यालायक, चांगल्या नळाच्या पाण्यातही ती दिसेल. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि एवढ्या क्षारांत हा प्रयोग झकास रंगतो.

मावशीच्या आरओचं पाणी पिवळसर झालं. निदान तयारच होतं: मेंब्रेन गेलं, पंपही कमजोर, खर्च ४,२०० रुपये. प्लॅन आहे ना, असं म्हटल्यावर त्याने पीडीएफमधली ओळ दाखवली. मावशीने त्याला चहा दिला आणि पैसे न देता परत पाठवला. मग मला ठाण्याला फोन केला. "अगं, मी विचारून घेतलं होतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पहिलं काम गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावण्याचं केलं. त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला, आकडा बराच वर. उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात, हे त्याला माहीत होतं. मग त्याने मशीनच्या आतला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू पाहिला. आरओचं पाणी अगदी बेचव होऊ नये म्हणून या स्क्रूने थोडं न गाळलेलं पाणी आत सोडता येतं. तो भरपूर उघडा होता. कुणी आणि कधी उघडला, ते मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून लिहीत नाही. स्क्रू आवळल्यावर आकडा खाली आला. मेंब्रेन ठीक, पंप ठीक. त्याने हे सगळं आपल्या बिलावर तारीख घालून लिहून दिलं. मागून घ्या असं बिल, पुढे फार कामाला येतं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं होतं. तोंडी काय बोलणं झालं त्याला अर्थ नाही मॅडम, अटी वाचायच्या होत्या. आणि प्लॅन आमच्या अधिकृत भागीदाराने विकला आहे, त्यांच्याशी बोला. भागीदार म्हणतो, अटी कंपनीच्या, आमच्या हातात काही नाही. पावतीवर आणि यूपीआयवर भागीदाराचं नाव, प्लॅनवर कंपनीचा लोगो. अशा वेळी या दोघांमधली भिंत मान्यच करायची नाही. प्रत्येक मेल दोघांनाही, एकाच वेळी.

'तोंडी बोलण्याला अर्थ नाही' हे तर धडधडीत खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७). अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत सेवेबद्दल खोटं विधान, मग ते तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक, स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. मी मेलमध्ये हे कलम लिहिलं, कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला, मेकॅनिकचं बिल जोडलं. आणि एक मागणी केली: फोनच्या सुरुवातीला 'हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' असं तुम्हीच ऐकवता, तर त्या तारखेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि आम्हाला द्या. तोवर रोज मला अटी वाचून दाखवणारी माणसं त्यानंतर एकदम नरम झाली. रेकॉर्डिंग 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. तेही मी जपून ठेवलं.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. इथे अपेक्षा नीट ठेवाव्यात. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पोहोचवते, उत्तर मागते, आदेश देत नाही. कंपनीने ग्राहकाशी बोलून घेतलं असं लिहून तक्रार 'निकाली' दाखवली होती. आम्ही समाधान झालं नाही असं नोंदवलं. (यूपीआय भलत्याच चोराकडे गेलं असेल, ओटीपी वगैरे प्रकार असेल, तर तो नंबर वेगळा, १९३०, आणि तिथे तासाचाही उशीर करू नये. आमचा प्रकार तसा नव्हता. इथे पावती होती, जीएसटी होता, लोगो होता. म्हणूनच पोलिसांना सांगण्यासारखं काही नव्हतं आणि संताप जास्त होता.)

कंपनीने आधी निम्मी रक्कम देऊ केली, तीही पुढच्या खरेदीवर सूट म्हणून. मावशी म्हणाली, "यांच्याकडून पुन्हा काही घेतलंच, तर ना सूट." मग दोघांच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस. वकील लागला नाही. काय सांगितलं, काय निघालं, किती पैसे परत हवेत, किती दिवसांत, आणि नाही दिले तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ही दोन वाक्यं नोटिशीत जरूर असावीत. ७,४९९ रुपयांसाठी कोण कोर्टात जाणार, या हिशोबावरच तर हा धंदा चालतो.

तुम्हाला असा फोन आला तर फोनवर काहीही पक्कं करू नका. 'मेंब्रेन, पंप, एसएमपीएस, यूव्ही दिवा, प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहून पाठवा' एवढं व्हॉट्सॲपवर मागा. बहुतेक वेळा तो फोन तिथेच संपतो. आणि कंपनीला उलट फोन करायचा तर मशीनवरच्या स्टिकरवरचा नंबर घ्या, नेटवर शोधून सापडलेला नको. ऑनलाइन फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेताना पैसे भरण्याआधी कार्ट उघडून बघा. न विचारता त्यात वाढीव वॉरंटी टाकून ठेवणं हे २०२३च्या डार्क पॅटर्नविरोधी (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक सूचनांमध्ये निषिद्ध आहे, तरी डोळ्यांत तेल घालून बघावं.

नोटिशीनंतर पैसे आले, ६,९०९ रुपये. टेक्निशियनच्या 'व्हिजिट'चे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० कापून. सोबत एक मेल: आता आपली कोणतीही तक्रार नाही असं कळवा. मावशीने कळवलं, रक्कम मिळाली, वजावट मान्य नाही. ५९० रुपयांसाठी ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार टाकायची की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मावशीचं मत टाकायचीच असं आहे. कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तिला घाई नाही.