रन-एलएलपी: 200 रुपयांत नाव मिळतं, पण ते टिकेलच असं नाही

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था, काढताना पहिला टप्पा नावाचा. त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'रन-एलएलपी' ही सेवा आहे. शुल्क 200 रुपये, एका अर्जात दोन नावं, हरकत निघाली तर दुरुस्तीला 15 दिवस. मंजूर नाव 3 महिने राखीव राहतं. तेवढ्यात नोंदणीचा फिलिप अर्ज भरला नाही तर ते हातचं जातं. अर्ज भरायला सोपा आहे आणि त्या मानाने शुल्कही किरकोळ.

घोटाळा होतो तो नाव निवडताना. अनेक जण एकाच शब्दाची दोन रूपं देतात: एकात 'टेक', दुसऱ्यात 'टेक्स'. अनेकवचन, टिंब, मधली मोकळी जागा एवढ्या फरकाने नियमांच्या लेखी नाव वेगळं होत नाही, म्हणून दोन्ही एकदमच फेटाळली जातात. दुसरं नाव मुळापासून वेगळं द्या. 'बँक', 'विमा' असे शब्द हवे असतील तर संबंधित नियामकाची मंजुरी आधी हातात हवी. गुंतवणूक किंवा चिट फंडाचा धंदाच करायचा नसेल, तर नावात तसा शब्द चालत नाही, कारण त्यावर विसंबून लोक पैसे देऊन बसतात. हा नियम आम्हाला अगदी रास्त वाटतो.

पोर्टलच्या नावशोधात काही आढळलं नाही म्हणजे नाव मंजूर झालं, असं धरू नका. एलएलपी कायद्याच्या कलम 15 नुसार दुसरी एलएलपी, कंपनी किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क यांच्याशी फार जवळचं साम्यही चालत नाही. म्हणून ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या वर्गात स्वतः करा, आणि शब्द उच्चाराप्रमाणेही शोधा. स्पेलिंग बदललं तरी कानाला तेच ऐकू आलं तर हरकत येते. ट्रेडमार्क ओळखीच्या माणसाचा असेल तर त्याचं संमतीपत्र अर्जाला जोडा.

सेवेची मोठी उणीव साध्या भागीदारी संस्थांबाबत आहे. 2021 च्या दुरुस्तीने कलम 15 मधून त्यांचा उल्लेखच गेला. त्यांची नोंद राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे असते, आणि अनेकांची कुठेच नसते. त्यामुळे बाजारात वर्षानुवर्षं चालत आलेल्या पेढीसारखं नाव इथे मंजूर होऊ शकतं. मात्र ग्राहकांची फसगत होते म्हणून त्या पेढीने 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवल्याचा, दावा लावला, तर मंजुरीचा कागद ढाल ठरत नाही. त्या व्यवसायातल्या जुन्या पेढ्यांची चौकशी बाजारात फिरूनच करावी लागते.

नोंदणीनंतरही धोका संपत नाही. ट्रेडमार्कधारक 3 वर्षांच्या आत कलम 17 खाली अर्ज करू शकतो. नाव बदलण्याचा आदेश निघाला की 3 महिने मिळतात. ते पाळले नाहीत तर 'ओआरडीएनसी' ही अक्षरं, आदेशाचं वर्ष, अनुक्रमांक आणि एलएलपीचा नोंदणी क्रमांक असं जोडून केलेलं नाव संस्थेच्या माथी बसतं. ते नाव बँकेत, करारांवर, बिलांवर वागवत धंदा करणं किती अवघड, हे सांगायला नको.

नाव राखीव झालं म्हणून लगेच पाटी रंगवू नका. नोंदणी प्रमाणपत्र येण्याआधी नावाच्या शेवटी 'एलएलपी' लावून व्यवसाय केला, तर कलम 20 खाली किमान 50,000 आणि कमाल 5 लाख रुपये दंड आहे.