श्वास, ध्यान, व्यायाम की थंड पाणी? ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमसाठी काय निवडायचं

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे हृदयाचे ठोके, बीपी, पचन आपोआप चालवणारी नसांची यंत्रणा, बॅलन्स करायची असं ठरवून शोधायला बसलं की स्लो ब्रीदिंग, ध्यान, योगनिद्रा, बर्फाचं पाणी, कानाला लावायची मशीन, गोळ्या, सगळं एकदम अंगावर येतं आणि जो तो म्हणतो माझंच करा. सगळं एकत्र सुरू केलं की सगळंच लवकर सुटतं, म्हणून एक किंवा फारतर दोनच गोष्टी धरायच्या असतील तर कुठल्या, त्या हिशोबाने लिहितेय.

आधी बॅलन्स म्हणजे काय ते बघू, निवड चुकते ती तिथेच. बऱ्याच जणांना वाटतं बॅलन्स म्हणजे सतत शांत असणं. पण या यंत्रणेची सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला तयारीत आणणारी, बाजू वर जायलाच हवी, साधं अंथरुणातून उठून उभं राहायचं तरी तीच रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळते. त्रास होतो तो वर गेलेलं खाली न आल्याचा, म्हणजे वाद संपून चार तास झाले तरी धडधड, जबडा आवळलेला, पोट बिघडलेलं, अंग दमलंय तरी झोप नाही. खाली आणायचं काम बरंचसं व्हेगस नर्व्हचं (मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी नस), आणि तिच्यातले जवळपास ८० टक्के तंतू शरीराकडची खबर मेंदूकडे नेणारे असतात. त्यामुळे मनाला नुसतं 'शांत हो' म्हणून फार काही होत नाही, श्वास, स्नायू, हालचाल या वाटेने गेलं की होतं. पुढची माझी सगळी मतं यावरच उभी आहेत.

स्लो ब्रीदिंग की ध्यान, बहुतेकांचं अडतं ते इथे. श्वास आत घेताना हार्ट रेट थोडा वाढतो, सोडताना कमी होतो, आणि हा खालीवर होण्याचा खेळ व्हेगसच चालवते. आपण आरामात बसलेलो असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, ते ६ च्या आसपास आणले की श्वासाची लय आणि बीपी कंट्रोल करणारी लय (तिचं एक चक्र साधारण १० सेकंदांचं असतं) जुळून येतात आणि हार्ट रेटचं हे खालीवर होणं एकदम मोठं होतं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लॅटिनमधली रोझरीची (कॅथलिकांच्या जपमाळेची) प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा जप, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या जवळ येत होता. मला हे फार सुंदर वाटतं, कारण जपाची लय ठरवणाऱ्यांकडे मोजायला काहीच नव्हतं. करायचं एवढंच की ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, नाकाने, जोर न लावता. जोर लावून मोठे मोठे श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस म्हणतो मला हे सूट होत नाही. भ्रामरी या बाजूला धरा कारण गुणगुणताना श्वास सोडणं आपोआप लांबतं. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र उलट गटात, त्या तरतरी आणतात, रात्री झोपेसाठी नाहीत, आणि हाय बीपी, हार्टचा त्रास, हर्निया किंवा प्रेग्नन्सी असेल तर करूच नका.

ध्यानाचं वेगळं आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा (आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायच्या ध्यानाचा) कोर्स ८ आठवड्यांचा आहे, यावरूनच कळतं की हे आज केलं आणि आज दिसलं असं काम नाही. ज्याचं डोकं एकच विचार घोळवत बसतं, झालेलं भांडण पुन्हापुन्हा मनात चालतं, त्याला ध्यान जिथवर नेतं तिथवर श्वास नेत नाही. पण दोन्ही दिवसाला ५च मिनिटं केली तर? २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने महिनाभर हेच करून बघितलं, नाकाने दोनदा श्वास आत आणि एक लांब उसासा असं करणाऱ्या गटाचा मूड माइंडफुलनेसवाल्यांपेक्षा जास्त सुधारला, चिंता मात्र दोघांचीही कमी झाली. म्हणून वेळ कमी आणि त्रास शरीरात जाणवत असेल तर माझं मत सरळ श्वासाला. डोळे मिटून आत बघितलं की जुने वाईट प्रसंग वर येतात असं ज्यांचं होतं त्यांनी एकट्याने लांब ध्यानाला बसू नये, एखाद्या थेरपिस्टला सोबत घेऊनच करावं.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं, पॅनिक अटॅक येणाऱ्यांत हे बरंच दिसतं. त्यांनी हट्ट करू नये, स्नायूंकडून जावं. एडमंड जेकबसन यांची जुनी पद्धत आहे, एकेक स्नायूगट काही सेकंद आवळायचा आणि सोडायचा, मुठी, खांदे, जबडा, पोट, पाय. योगनिद्रा याच घरातली पण त्यात आवळणं नाही, फक्त सूचनेनुसार लक्ष फिरवणं. माझ्या मते ज्याला स्वस्थ पडवत नाही त्याला जेकबसन, आणि जो पार दमून गेलाय त्याला योगनिद्रा.

हे सगळं झालं आत्ता खाली येण्यासाठी. मुळातच सिस्टिम लवचिक करायची तर व्यायामाला पर्याय मला दिसत नाही. नियमित चालणं, सायकल, पोहणं याने काही आठवड्यांत रेस्टिंग पल्स खाली येते, आणि व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात पल्स जी पटकन उतरते ती व्हेगस परत कामाला लागल्यामुळे, म्हणजे वर जा आणि खाली ये याची प्रॅक्टिस प्रत्येक वेळी होतेच. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पुरेसा आहे. फक्त आधीच झोप उडालेली, अंग ठणकतंय अशा अवस्थेत रोज जीव तोडून हाय इंटेन्सिटी करू नका, तो वर चढवायचाच डोस आहे. श्वासाशी तुलना केली तर व्यायाम उशिरा दिसतो पण टिकतो जास्त, म्हणून दोनच गोष्टी धरायच्या तर मी हीच जोडी सांगेन.

थंड पाण्याबद्दल गोंधळ आहे तो मोडायला हवा. श्वास धरून नुसता चेहरा थंड पाण्यात घातला तर व्हेगसमुळे हार्ट रेट उतरतो, याला डायव्हिंग रिफ्लेक्स म्हणतात. अख्खं शरीर बर्फाच्या पाण्यात घातलं की पहिला धक्का पूर्ण उलटा असतो, धाप लागते, हार्ट रेट आणि बीपी दोन्ही चढतात. ठोके उतरवणारा आणि चढवणारा असे हे दोन्ही परिणाम एकदम झाले तर ठोके अनियमित होऊ शकतात. नंतर फ्रेश वाटतं ते खरंय, पण शांत होण्यासाठी म्हणून मी हे यादीत शेवटी ठेवीन, आणि हार्ट किंवा बीपीवाल्यांनी सोडूनच द्यावं. थंड पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या विम हॉफच्या पद्धतीसारखं जोरात श्वास घेऊन मग धरणं पाण्यात कधीही करू नका, शुद्ध जाऊन माणूस बुडतो.

कानाला लावून व्हेगसला विजेचे हलके झटके देणाऱ्या मशीन विकणारे हमखास म्हणतात की याला मान्यता आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये एपिलेप्सीसाठी (फिट येण्यासाठी) आणि २००५ मध्ये डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली ती ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राला. घरगुती मशीनसाठी पैसे घालायची घाई नको. अश्वगंधा वगैरेचंही तेच, हर्बल आहे म्हणून चालतंय असं नाही, काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधांशीही गडबड होऊ शकते.

फरक पडतोय का ते घड्याळातल्या एचआरव्हीवर (दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचा आकडा) बघणार असाल तर दुसऱ्याशी तुलना नको, वयाप्रमाणे तो कमी होतोच. स्वतःचीच आठवड्याची सरासरी बघा, दारू, ताप, अपुरी झोप असेल तर तो पडणारच. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर आकड्यातून फारसा अर्थ काढू नका.

आणि उभं राहिलं की धडधड, डोळ्यापुढे अंधारी किंवा चक्कर येऊन पडणं असं असेल तर यातलं काहीही निवडण्याआधी डॉक्टरकडे जा. आडवं पडून पल्स मोजा, मग आधाराला कोणीतरी जवळ असताना उभं राहून १० मिनिटं दर दोन मिनिटांनी मोजा. मोठ्या माणसात ती मिनिटाला ३० ठोके किंवा जास्तने वाढून तशीच राहत असेल तर पॉट्स (उभं राहिलं की पल्स फार वाढण्याचा आजार) असू शकतो, ॲनिमिया, थायरॉइड, पाणी कमी पडणं हेही तपासावं लागतं, आणि डायबिटीसमध्ये या नसाच खराब झालेल्या असू शकतात. पॉट्समध्ये तर सुरुवातीचा व्यायामसुद्धा बसून किंवा आडवं पडून करायचा असतो. मोजलेले आकडे कागदावर लिहून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या नावांसकट, सोबत न्या.