पोरांना घेऊन शिडाच्या बोटीने ग्रीस: आयोनियन की सायक्लेड्स?

मावसभाऊ पुण्याहून विचारतोय की आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेऊन बायकापोरांसकट ग्रीसची बेटं करायचीत, तर कुठली करू. त्याला व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आम्ही जर्मनीत राहतो, नवऱ्याकडे बोटीचं लायसन आहे, आणि दोन्हीकडे पोरांना घेऊन जाऊन आलोय, एकीकडे मजेत आणि एकीकडे रडतरडत.

रडतरडत म्हणजे सायक्लेड्स, अथेन्सच्या आग्नेयेला एजियन समुद्रातली बेटं. फोटोत दिसतो तो ग्रीस हाच, पांढरी घरं, निळे घुमट वगैरे. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून नाहीतर लाव्रिओहून निघायचं आणि केआ, किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस असं खाली उतरत जायचं. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी असतो. बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, त्यामुळे उत्तरेकडून वारा सुटतो, आणि आभाळ मात्र निळंशार, ढगाचा ठिपका नाही, म्हणजे आपल्याला वाटतं काय मस्त हवा पडलीये आणि बंदराबाहेर नाक काढलं की ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा तोंडावर. बोटवाले याला फोर्स ६ म्हणतात, कधी ७ पण होतो, आणि एकदा सुटला की कितीतरी दिवस हलत नाही. जाताना वारा पाठीशी असतो म्हणून झकास वाटतं, पोरं खूश, गाणी चालू. पण बोट शुक्रवारी संध्याकाळी परत द्यायची असते आणि परतीची वाट वाऱ्याच्या तोंडात! शीड लावून सरळ वाऱ्यावर जाता येतच नाही, नागमोडी जावं लागतं, म्हणजे नकाशावर २५ मैल दिसतात ते पस्तीसच्या वर जातात. आमची धाकटी तेव्हा सहा वर्षांची, सेरिफोसहून निघाल्यावर अर्ध्या तासात तिला बोट लागली, मग थोरल्याला, मग खरं सांगायचं तर मलाही, आलेपाक वगैरे सगळं समुद्रार्पण. मुकाट्याने मागे फिरलो आणि दोन दिवस लिवाडीच्या खाडीत नांगर टाकून पत्ते कुटत बसलो.

आयोनियन म्हणजे ग्रीसची पश्चिम बाजू. प्रेवेझाला विमान उतरतं, तिथून गाडीने लेफ्काडा, हे बेट पुलाने जमिनीला जोडलेलं आहे त्यामुळे सामान आणि पोरं घेऊन फेरीत चढायची भानगड नाही. इथला वारा म्हणजे शाळेच्या भूगोलातले खारे वारे आठवा साधारण तसा, सकाळी पाणी ताटासारखं, जेवणं होईपर्यंत पोहा, मग दुपारी वायव्येकडून मैस्त्रो येतो, तीन-चार तास छान शीड भरतं आणि सूर्य कलला की पडतो. रोजची मजल आठ ते पंधरा मैलांची, म्हणजे पोरं ‘अजून किती वेळ’ विचारायला लागतात तोवर पोचलेलं असतं. सायक्लेड्समध्ये तीच वीस-तीस मैलांची होते आणि बोट जेमतेम पाच-सहा नॉटने चालते, म्हणजे ताशी पाच-सहा सागरी मैल, करा हिशोब.

मेगानिसी, इथाका, केफालोनिया ही बेटं जवळजवळ, एकमेकांच्या आडोशाला, त्यामुळे लाट फार उठत नाही. हिवाळ्यात पाऊस भरपूर म्हणून सगळं हिरवं, सुरू आणि ऑलिव्हची झाडं पाण्यापर्यंत उतरलेली, मला तर पहिल्या दिवशी कोकणच आठवलं. तिथे १९५३ साली मोठा भूकंप झाला, केफालोनिया आणि इथाकावरची जुनी घरं बहुतेक पडली, फिस्कार्डो गाव वाचलं, म्हणून आता सगळ्या बोटी तिथेच घुसतात, दोनच्या आत पोचला नाहीत तर जागा विसरा. इथाका म्हणजे ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचं घर, ट्रॉयचं युद्ध संपल्यावर दहा वर्षं लागली त्याला परत यायला, ही गोष्ट थोरल्याला कियोनीच्या धक्क्यावर सांगितली तर म्हणतो त्याला मेल्टेमी लागला असणार.

आणि एक, आयोनियनमध्ये बऱ्याच खानावळींचे स्वतःचे धक्के असतात, रात्री त्यांच्याकडे जेवलात की बोट बांधायचे पैसे घेत नाहीत. धक्क्याला लावायची पद्धत दोन्हीकडे तीच, पुढे नांगर टाकायचा, रिव्हर्स घेत यायचं आणि मागून दोन दोर बांधायचे, पण हे वारा पडलेला असताना करणं आणि बाजूने वारा झोडपत असताना करणं यात जमीन-अस्मानाचा फरक. नवरा-बायकोची भांडणं इथेच होतात.

जेवणात मात्र सायक्लेड्स पुढे, विशेषतः शाकाहारी असाल तर. सिफ्नोसला रविवारी रेविथाडा मिळतं, काबुली चणे मातीच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात. सांतोरिनीचा फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच समजा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, आणि टोमॅटोची भजी. सांतोरिनी बोटीने करायचं मात्र डोक्यातून काढा, ज्वालामुखीचं खोल पाणी आहे, नांगर पोचतच नाही, शिवाय आठवड्यात परत येणं अवघड. तिथे फेरीने जा.

आता खरी गोम. आमच्या पोरांना सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे ऐन मेल्टेमीत, म्हणून आम्हाला आयोनियनशिवाय पर्याय नाही. पण महाराष्ट्रातल्या शाळांना मेची सुट्टी! तेव्हा मेल्टेमी अजून नीट सुरू झालेला नसतो, भाडं ऑगस्टपेक्षा बरंच कमी, बंदरं रिकामी. म्हणजे जे आम्हाला जमत नाही ते तुम्हाला जमू शकतं. फक्त पाणी गार असतं, एजियनमध्ये मेमध्ये विशीच्या आसपास, पोरं किंचाळत उडी मारतील आणि किंचाळत बाहेर येतील. वारा अधूनमधून दक्षिणेचा पण येतो, तेव्हा नेहमीच्या आडोशाच्या खाड्या उघड्या पडतात.

लायसन नसेल तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सोबत घ्यावाच लागेल, त्याला एक केबिन आणि जेवण द्यायचं हे धरून बोट निवडा. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, महाग पण कलत नाही, ताटं जागेवर राहतात. आजी-आजोबा येणार असतील तरच तो खर्च करा, आयोनियनमध्ये साधी बोट पुरते.

हे दोन्ही नको असेल तर सॅरोनिक आखातातली बेटं आहेत, अथेन्सहूनच निघायचं, एजिनाचे पिस्ते, पोरोस, गाड्यांना बंदी असलेलं हिद्रा जिथे सामान खेचरावरून जातं, आणि एपिडॉरसचं जुनं थिएटर. मेल्टेमी इथे बराच नरम. शनिवार-रविवारी मात्र अर्धं अथेन्स तिथे येतं आणि हिद्राच्या इवल्याशा बंदरात सगळ्यांचे नांगर एकमेकांत अडकतात, सकाळी सोडवताना तमाशा बघण्यासारखा असतो.

भावाला मी सांगितलंय, मेमध्ये येणार असशील आणि तांडेल घेणार असशील तर सायक्लेड्स कर, पण सेरिफोसच्या खाली जाऊ नकोस आणि बुधवारी सकाळी बोटीचं तोंड उत्तरेकडे वळव, मग कुणी कितीही गळ घालू दे. जूनच्या मध्यानंतर तिकीट काढलंस तर लेफ्काडा. तो म्हणतो बायकोला निळे घुमट हवेत.